चाकावरच्या शंका : शांत घाट नेमका सापडतो कुठे?

या महिन्यात सायकलवाल्यांच्या आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं घाटाचीच आहेत. थंडी पडली की पुणेकराला डोंगर आठवतो. नावं छापत नाही, भाग आणि वय तेवढं ठेवलंय. काही पत्रं खूप लांब होती ती कापली आहेत, राग मानू नका.

प्रश्न : नमस्कार. मी कोथरूडला राहतो, आयटीत आहे. रोड बाईक, म्हणजे पातळ टायरची वेगाची सायकल, घेतली त्याला आता बरेच महिने झाले, खडकवासल्यापर्यंत जाऊन येतो पण त्यात आता मजा राहिली नाही. डोंगरातला, गाड्या कमी असलेला रस्ता सांगाल का? अट एकच, दुपारी बाराच्या आत घरी पोचलो पाहिजे. ग्रुपवर सगळे नुसतं सिंहगड सिंहगड करतात. (वय 36, कोथरूड)

ग्रुपवाले चुकीचं सांगत नाहीयेत हो. सिंहगड घाट म्हणून झकासच आहे, गोळेवाडीपासून वरच्या पार्किंगपर्यंत नऊएक किलोमीटर चढ, मधे दम खायला सपाट तुकडा फारसा नाही, आणि गड 1312 मीटरवर म्हणजे पुण्यापेक्षा साधारण साडेसातशे मीटर उंच. पण तुम्ही मागताय शांत रस्ता, आणि रविवारी सकाळी सिंहगड शांत नसतो. वर जाणाऱ्या जीपा, एका बाईकवर तिघं, पिठलं-भाकरी खायला निघालेलं अख्खं खानदान, आणि उतरताना वळणावर समोरून कोण कुठल्या बाजूनं येईल ते देवालाच माहीत. हाच घाट मंगळवारी उजाडता उजाडता करून बघा, वेगळ्याच गावातला वाटेल. माझं मत विचाराल तर पुण्याच्या आसपास शांतता रस्त्याच्या नावावर नसतेच, ती वारावर आणि घड्याळावर असते. दूधवाल्यांच्या गाड्या आणि पहिली एसटी एवढंच रस्त्यावर असतं ती वेळ आपली, आणि नऊ वाजले की शहर तुमच्या मागून निघालंच म्हणून समजा.

आता रस्ते. पहिला अगदी जवळचा, एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) बाजूने. वारजे, शिवणे, कोंढवे धावडे करत पुढे कुडजे, मांडवी, सांगरुण, बहुली. खडकवासल्याचं पाणी डाव्या हाताला, पलीकडच्या तीरावर सिंहगडाचा टॉवर दिसत राहतो, आणि गंमत म्हणजे समोरच्या पानशेत रस्त्यावर गाड्यांची रांग लागलेली असताना अलीकडच्या बाजूला म्हशी आणि तुम्ही. मोठा घाट नाही पण चढउतार सतत आहेत, पाय बरोबर भरून येतात. शिवण्यापर्यंतचा भाग मात्र कंटाळवाणा, तो अंधुक उजेडातच उरकायचा. परत त्याच रस्त्याने या, बारा काय, दहाला घरी असाल.

दुसरा पौड, कोळवण, तिकोना. चांदणी चौकातून भूगाव, पिरंगुट, पौड हा हायवे नकोसा आहे, खोटं कशाला सांगू, पण पौडला उजवीकडे कोळवणकडे वळलात की सगळा आवाज बंद झाल्यासारखा वाटतो. भातखाचरं, वीटभट्ट्या, मधेच एखादं फार्महाउस ज्याचं गेट घरापेक्षा मोठं, आणि हळूहळू तिकोना समोर येत जातो. तिकोन्याच्या पुढे पवना धरण, तिथून कामशेतला बाहेर पडता येतं, पण तुमची बाराची अट आहे तर सुरुवातीला तिकोन्यापासून उलटे फिरा. कामशेतवरून आलात तर जुन्या मुंबई हायवेने सोमाटणे, देहूरोड, निगडी करत परत यायचं, ते अंतर पायांपेक्षा डोक्याला जास्त लागतं. एक्स्प्रेसवेवर सायकल चालत नाही हे माहीत असेलच, तरी दरवर्षी कोणीतरी घुसतोच म्हणून लिहितोय.

तिसरा माझा लाडका, पण तो लगेच करू नका, आधीचे दोन पचवा. पाबे घाट. पानशेत रस्त्याला खानापूरला डावीकडे वळायचं आणि वेल्ह्याच्या दिशेने चढायचं. सुरुवातीला वाटतं एवढंच होय, आणि मग रस्ता एका वळणानंतर सरळ अंगावर येतो, सगळ्यात हलका गिअर आधीच लावलेला असतो आणि बोटं सवयीने अजून एक हलका शोधत लिव्हर दाबत राहतात, तो नसतोच. खिंडीत पोचलात की उजव्या हाताला तोरणा, समोर राजगड, दोन्ही एका नजरेत. तिथे थांबा, फोटो काढा, काय ते करा, कारण पलीकडच्या उतारावर नजर रस्त्यावरच हवी, वळणांवर बारीक खडी असते. खाली पाबे गावातून डावीकडे नसरापूरला गेलात तर पूर्ण लूप होतो, शंभरीच्या आसपास भरतो. पण मग नसरापूर ते पुणे हायवे. तिथून येणार असाल तर शिंदेवाडीला हायवे सोडून जुन्या कात्रज घाटाने वर या. नवीन बोगदा आणि त्यापुढचा नवले पुलापर्यंतचा उतार सायकलसाठी नाहीच, तिथे ब्रेक गेलेल्या ट्रकच्या बातम्या आपण किती वेळा वाचतो. त्यापेक्षा खिंडीतून मागे फिरलं तरी काही कमीपणा नाही.

आणि वारा बघत जा, हे कोणी सांगत नाही. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो आणि दिवस चढेल तसा वाढतो. म्हणजे पौड, पानशेतकडे गेलात तर जाताना ताज्या पायांनी वारा कापायचा आणि येताना तो पाठीशी. सासवडकडे गेलात की उलटं, जाताना आपण फार भारी चालवतोय असं वाटतं आणि येताना समजतं.

प्रश्न : मी बिबवेवाडीला राहते. बोपदेव घाट चढून सासवड आणि येताना दिवे घाटाने हडपसर असा लूप करायचा विचार आहे. बरोबर कोणी नसतं, एकटीच जाते. घरचे काळजी करतात. दिशा बरोबर आहे का? (वय 52, बिबवेवाडी)

ताई, दिशेचं म्हणाल तर चढायला बोपदेवच. येवलेवाडी सोडल्यावर लागणारा चढ चारपाच किलोमीटरचा, लय सापडली की बसून चढता येतो, आणि सकाळी तिथे इतके सायकलवाले असतात की वर पोचेपर्यंत दोनचार जणांशी रामराम होतोच. पण येताना दिवे घाट नको. तो आता राष्ट्रीय महामार्ग आहे, पालखी मार्ग, कंटेनरपासून ऊसाच्या ट्रॉलीपर्यंत सगळं तिथून उतरतं. वरून मस्तानी तलाव दिसतो, छान दिसतो, मान्य, पण तो बघायला गाडीने जा. शिवाय खाली आलं की वडकी, फुरसुंगी, हडपसर, म्हणजे घाटात वाचवलेला जीव तिथे टांगणीला. आलात तसंच बोपदेवने परत या. सासवडकडून बोपदेवला चढ सौम्य आहे कारण ते पठारच उंचावर आहे.

त्याहून बरा पर्याय सांगतो. बोपदेव चढून भिवरीच्या पुढे सासवडचा मोठा रस्ता सोडून आत गराडे, कोडीतकडे वळा. अरुंद रस्ते, अंजिराच्या आणि सीताफळाच्या बागा, डोक्यावर पुरंदर आणि वज्रगड. जमलं तर नारायणपूरपर्यंत, दत्ताचं दर्शन घेऊन सासवडमार्गे परत. गुरुवारी आणि पौर्णिमेला मात्र नारायणपूरला गर्दी असते, ते टाळा. सीताफळाच्या दिवसांत रस्त्याकडेला पाट्या मांडून बसलेल्या बायकांकडून घ्यायचा मोह होईल, पण पाठीवरच्या बॅगेत पिकलं सीताफळ घालून घाट उतरू नका एवढंच सांगतो.

एकटीने जाण्याबद्दल, घरच्यांना गप्प करायला फोनवर लाइव्ह लोकेशन चालू ठेवा. अंधारात घाटात शिरायचं नाही, ना पहाटे ना संध्याकाळी, हे बायकांनाच नाही सगळ्यांनाच लागू आहे. डिसेंबर-जानेवारीत सात वाजेपर्यंत नीट उजाडत नाही, मग साडेसहाला घर सोडलं तरी घाटाच्या पायथ्याशी उजेड मिळतो. घाटमाथ्यावर नुसत्या थांबलेल्या गाड्या दिसल्या तर आपण थांबायचं नाही, पाणी पुढच्या गावात प्यायचं.

प्रश्न : दादा, सेकंडहँड रोड बाईक घेतली, पुढे 53-39 आणि मागे 11-25 दातांची चक्रं. बोपदेवमध्ये गुडघे दुखतात, उभं राहून चढवावी लागते. मित्र म्हणतात ताकद कमी आहे. खरंच का? (वय 20, कर्वेनगर)

तुझ्या मित्रांना त्यांचे गिअर विचार. तू घेतलेली सायकल शर्यतवाल्यांची आहे. हिशोब बघ, 39 ला 25 ने भागलं की 1.56, चाकाचा घेर साधारण 2.1 मीटर, म्हणजे सगळ्यात हलक्या गिअरमध्येसुद्धा एका पायडलला तू सव्वातीन मीटर पुढे जातोस. मिनिटाला 60 पायडल धरले तर तासाला बारा किलोमीटरच्या जवळ. दहा टक्के चढावर, म्हणजे शंभर मीटरला दहा मीटर वर, हा वेग टिकवायला चांगला तयार माणूस लागतो. तो टिकत नाही म्हणून पायडल चाळीसवर येतं आणि सगळा भार गुडघ्यावर. आता पुढे 34 आणि मागे 32 असेल तर तेच एक पायडल सव्वादोन मीटरचं, वेग आठ, पाय फिरते. फरक तुझ्यात नाही, दातांत आहे.

करायचं काय ते आधी खिशाप्रमाणे बघू. स्वस्तातला उपाय मागची कॅसेट, म्हणजे दातेरी चक्रांचा संच, 11-28 करणं, तुझ्या मागच्या डिरेल्युअरचा (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाचा) पिंजरा आखूड असला तरी बहुतेक 28 पर्यंत घेतो. त्याहून मोठी टाकायची तर डिरेल्युअरही लांब पिंजऱ्याचा लागेल आणि चेनही. पुढचं 39 काढून 34 बसवता येईल असं वाटत असेल तर बसणार नाही, त्या क्रँकच्या (पायडलचे दांडे आणि पुढची चक्रं धरणाऱ्या भागाच्या) बोल्टांचं वर्तुळ सहसा 130 मिलिमीटरचं असतं, 34 ला 110 चं लागतं, म्हणजे क्रँकच बदलायचा. दुकानदार हे न सांगता आधी नुसती रिंग मागवतात आणि मग डोकं खाजवत बसतात. सेकंडहँड कॉम्पॅक्ट क्रँक शोध, 50-34, मिळतात.

आणि हे सगळं करायच्या आधी फुकटातलं एक करून बघ, सीट. भिंतीला धरून सायकलवर बस, टाच पायडलवर ठेव, पायडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. वाकलेला राहिला तर सीट खाली आहे, आणि गुडघा पुढच्या बाजूने दुखायचं हे एक नेहमीचं कारण. तरी दुखलंच तर घाट थोडे दिवस बंद आणि डॉक्टरला दाखव, ग्रुपला नाही.

प्रश्न : पुढच्या जुलैत ताम्हिणी सायकलने करायचा आमचा प्लॅन आहे, पाच मित्र. धबधबे बघत खाली कोकणात उतरून परत चढायचं. काय काळजी घ्यावी? (वय 29, पिंपळे सौदागर)

शनिवार-रविवार असेल तर पहिली काळजी म्हणजे जाऊ नका. जुलैमधला ताम्हिणी वीकेंडला पार्किंग असतो, आणि त्या पार्किंगमध्ये लोक नाचत असतात. मधल्या वारी जा, मुळशी धरणाच्या कडेकडेने जाणारा रस्ता तेव्हा जो काही दिसतो त्याला तोड नाही. जाता जाता एक, ज्या पाण्याचे फोटो काढाल त्याच्याखाली गावं आहेत. टाटांच्या या धरणाविरुद्ध 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला, आणि ते पाणी आजही डोंगरातून खाली कोकणात भिऱ्याला वीज करायला जातं. आपल्याकडे इतक्या जवळ असून किती जणांना माहीत असतं कोण जाणे.

पावसाचं म्हणाल तर पुण्यात वर्षभरात साधारण 700-750 मिलिमीटर पडतो, ताम्हिणीत त्याच्या कितीतरी पट, त्यामुळे पुण्यात भुरभुर आहे म्हणून तिकडेही तेवढीच असेल हा हिशोब चालत नाही. रेड अलर्ट असेल तर विषय संपला. दरडी येतात, आणि मोठ्या दगडाच्या आधी छोटे छोटे गोटे रस्त्यावर दिसायला लागतात, ते दिसले की डोंगराच्या बाजूला रेंगाळायचं नाही. वरंध घाटाचा विचारही कोणी करत असेल तर गेली काही वर्षं तो पावसाळ्यात बंदच ठेवतात.

पण पावसाळ्यात सायकलवाला दरडीने क्वचित आणि चिखलाने हमखास पडतो. जुलै म्हणजे भातलावणी. चिखलणी करून ट्रॅक्टर लोखंडी चाकांसकट रस्त्यावर येतो, त्या चाकांतला गारा रस्त्यावर पडतो, वरून पाऊस, आणि तो थर साबणापेक्षा वाईट. वळणाच्या आधी रस्त्याचा रंग बदललेला दिसला की ब्रेक तिथेच सरळ रेषेत मारून घ्यायचा, चिखलावर सायकल सरळ उभी, ब्रेक नाही, हँडल नाही. सावलीतल्या कडेला शेवाळ असतं, तिथेही तेच. रिम ब्रेक (चाकाच्या धातूच्या कडेवर रबर दाबणारा) असेल तर ओल्या रिमवर पहिले दोनतीन फेरे काहीच लागत नाही, म्हणून उतारावर अधूनमधून हलका दाबून रिम पुसत राहायचं. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा थोडी कमी, 28 मिलिमीटर रुंदीचा टायर बसत असेल तर 25 चा नको. मागे लाल दिवा दिवसाही चालू, धुक्यात तोच दिसतो.

आणि खाली विळ्यापर्यंत उतरून परत चढायचं हे पाचही जणांना जमणारे का ते एकदा विचारा. सहसा पाचातल्या दोघांना जमतं, एक म्हणतो बघू, आणि उरलेले दोघं टेम्पो शोधतात.

प्रश्न : वेल्ह्याच्या रस्त्याला पंक्चर झालं, गावात पंक्चरवाला होता पण त्याच्या मशीनने हवाच भरता येईना. असं का? (वय 41, धायरी)

तुमच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह प्रेस्टा असणार, बारीक, वर छोटा स्क्रू असलेला. गावातल्या कंप्रेसरचं तोंड मोटरसायकलच्या जाड व्हॉल्व्हचं. पितळेचा एक ॲडॉप्टर मिळतो, करंगळीच्या नखाएवढा, अगदी किरकोळ किमतीत, तो घेऊन व्हॉल्व्हवरच फिरवून ठेवा म्हणजे हरवत नाही. कंप्रेसरने भरताना एकेक सेकंद दाबायला सांगा, तो ट्रकच्या सवयीने दाबून धरेल आणि ट्यूब फुटेल. आणि एक जादा ट्यूब, टायर लिव्हर आणि छोटा पंप जवळ हवाच, पंक्चरवाला दरवेळी जागेवर असतोच असं नाही, कधी शेतावर गेलेला असतो.

प्रश्न : आमच्या काळी याच रस्त्यांनी आम्ही बावीस इंची सायकलवर, बिनगिअरच्या, डबा घेऊन खडकवासल्याला आणि सिंहगडाला जात असू. तेव्हा पुणे सायकलींचं शहर होतं. आता लाखाची सायकल आणि तोंडाला फडकं. माझी जुनी सायकल अजून चालू आहे, तिच्यावर घाट होईल का ते सांगा. (वय 73, सदाशिव पेठ)

सदाशिव पेठेतून आलेल्या पत्राशी वाद घालायची आमची टाप नाही. काका, चढायचं तर होईल, अवघड वाटलं तिथे उतरून ढकलायची, तुम्ही तेव्हाही ढकलतच असाल, सांगत नसाल. प्रश्न उतरायचा आहे. तुमचे ब्रेक सळईचे असतील आणि त्यात रबर कडक झालेलं असेल, तर लांब उतारावर ते पकडत नाहीत. आधी चारही रबरं बदलून घ्या, मागचं चाक हलतंय का बघा, आणि घाटाऐवजी वर लिहिलेला बहुलीचा रस्ता करा. पाणी बाजूला, चढ छोटे, डबा खायला झाडं आहेत. जाताना नातवाला न्या, त्याच्या लाखाच्या सायकलसकट.

फडक्याचं म्हणाल तर ते धुळीसाठी असतं, आणि धूळ तुमच्या काळी कमी होती हे मात्र शंभर टक्के खरं.

प्रश्न : 200 किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राईड) करायची आहे. घाट असलेला मार्ग निवडू का सपाट? (वय 33, वाकड)

वेळ साडेतेरा तास मिळतो, म्हणजे सरासरी पंधराच्या आसपास पुरते, पण त्यात चहा, पंक्चर, कंट्रोलवर (वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी) सही सगळं आलं. पहिली असेल तर सपाट घ्या. मार्गाचं एकूण चढाण किती मीटर आहे ते आधी बघा, किलोमीटर सगळ्या 200 वाल्यांना सारखेच असतात, 1000 मीटर चढणं आणि 2500 मीटर चढणं यात अर्ध्या दिवसाचा फरक पडू शकतो.

प्रश्न : जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूर ही सायकल शर्यत झाली तेव्हा बरेच रस्ते चकाचक झाले. आता त्याच रस्त्यांनी जावं का? (वय 38, बाणेर)

जा की, डांबर आपल्याच पैशाचं आहे. फक्त एक लक्षात ठेवा, शर्यतीच्या दिवशी रस्ता बंद होता, आज नाही. गुळगुळीत रस्त्यावर तुमचा वेग ताशी दोनचार किलोमीटरने वाढतो, मागून येणाऱ्या गाडीचा तीसने.

प्रश्न : गावातली कुत्री मागे लागतात. वेग वाढवू का थांबू? (वय 24, धनकवडी)

उतार असेल तर निघून जा. चढ असेल तर कुत्र्यापेक्षा वेगात जायचा विचार सोड. थांब, खाली उतर, सायकल मधे धर आणि त्याच्या मालकाला मोठ्याने हाक मार, मालक दिसत नसला तरी. बहुतेक कुत्री तिथेच शेपूट हलवायला लागतात, आणि घरातून एखादी आजी बाहेर येऊन विचारते की कुठनं आलास, पाणी पाहिजे का. पाणी घे, बाटली रिकामीच असेल.